दाब दूर नेता येतो, तापमान नेता येत नाही: मियाटात ऑईलची दोन गेजेस बसवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमच्याकडे १९९६ची १.८ लिटरची माझ्दा मियाटा आहे आणि वर्षातून दोन-तीनदा ती ट्रॅकवर जाते. ऑईल प्रेशरचा मूळ काटा इंजिन सुरू झालं की मध्यावर येतो आणि बंद करेपर्यंत तिथून हलत नाही. म्हणून तुम्ही ५२ मिलिमीटरची दोन इलेक्ट्रिक गेजेस घेतलीत, एक ऑईलच्या दाबाचं, दुसरं ऑईलच्या तापमानाचं. कंपनीच्या सेन्डरच्या (दाब किंवा तापमान मोजून गेजला कळवणाऱ्या इंजिनावरच्या भागाच्या) जागी पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायची, दोन्ही नवे सेन्डर तिच्यावरच लावायचे, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि रविवारी एका दिवसात काम उरकायचं, असा तुमचा बेत आहे.

गेजेसची निवड योग्य आहे. पण ती टी दाबासाठी चालेल, तापमानासाठी चालणार नाही, आणि दाबाचा सेन्डरही थेट तिच्यावर लटकवू नका. कारणं पुढे देतो, कारण ती कळली की कुठल्याही गाडीत सेन्डर कुठे लावायचा ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मूळ काटा बिघडलेला नाही. १९९० ते १९९४च्या मियाटात खरोखर दाब मोजणारं गेज होतं. १९९५पासून काटा तोच राहिला, पण इंजिनावर सेन्डरऐवजी साधा स्विच आला. थोडासा दाब मिळाला की स्विच काम करतो आणि काटा मध्यावर जातो. मग प्रत्यक्ष दाब १५ पीएसआय (दाबाचं एकक) असो नाहीतर ६०, तुम्हाला एकच चित्र दिसतं. जुन्या मियाटाचा सेन्डर आणून लावला तर तेवढ्याने भागत नाही, क्लस्टरमधलं (डॅशवरच्या मूळ काट्यांच्या पॅनलमधलं) गेजही बदलावं लागतं. तुम्ही स्वतंत्र गेज घेतलंच आहे, तेव्हा त्या वाटेला जायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. टीच्या फांदीत किंवा सेन्डरकडे जाणाऱ्या नळीत ऑईल वाहत नाही, ते भरून नुसतं उभं राहतं. दाबाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. द्रवातला दाब नळीच्या टोकापर्यंत जसाच्या तसा पोचतो, त्यामुळे सेन्डर ब्लॉकवर असो की अर्धा मीटर दूर, आकडा तोच येतो. तापमानाचं तसं नाही. उभं राहिलेलं ऑईल आजूबाजूच्या हवेने आणि धातूने थंड होतं. गॅलरीतलं (ब्लॉकमधल्या ऑईलच्या मुख्य वाटेतलं) ऑईल १२० अंशांवर असताना फांदीच्या टोकाचा सेन्डर ८०-९० दाखवत बसेल आणि तुम्ही निर्धास्तपणे आणखी चार लॅप माराल. चुकीचं गेज नसलेल्या गेजपेक्षा जास्त नुकसान करतं ते असं. तापमानाच्या सेन्डरचं टोक वाहत्या ऑईलमध्येच बुडालेलं हवं.

दाबापासून सुरुवात करू. मियाटात स्विचची जागा इंजिनाच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डखाली, ऑईल फिल्टरच्या वर आहे. ही जागा मला आवडते, कारण इथे फिल्टरमधून पुढे गॅलरीत आलेल्या ऑईलचा दाब मिळतो, म्हणजे जो बेअरिंगना मिळतो तोच. फिल्टरच्या आधी मोजलं तर फिल्टर तुंबल्यावरही आकडा छान दिसत राहतो.

या भोकाचे आटे १/८ बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे निमुळते पाइप-आटे आहेत. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक सेन्डरचे आणि टीचे आटे १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे असतात. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण बीएसपीटीला इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन, तर एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन. एनपीटीचा सेन्डर त्या भोकात दीड-दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तिथे माणसाला वाटतं की निमुळते आटे आहेत, आवळला की बसेल. आवळला की ब्लॉकचे आटे जातात, नाहीतर गळती सुरू होते जी कुठल्याही टेपने थांबत नाही. म्हणून ब्लॉकच्या बाजूला बाहेरचे आटे बीएसपीटी आणि दुसऱ्या बाजूला आतले आटे एनपीटी असा अडॅप्टर घ्या. मूळ स्विच चालू ठेवायचा असेल, आणि मी तो ठेवाच असं सांगेन, तर त्याच्यासाठी टीचं एक तोंड बीएसपीटी लागेल. घेताना स्टीलचेच घ्या.

पितळ का नको? ब्लॉक सतत थरथरत असतो. त्यातून बाहेर आलेली पितळी टी, तिच्यावर चहाच्या छोट्या ग्लासाएवढा जड सेन्डर, म्हणजे आट्यांच्या मुळाशी दिवसभर वाकवल्यासारखा ताण. पितळाला आधी बारीक चीर पडते, मग एक दिवस टी तुटून पडते आणि इंजिन पूर्ण दाबाने ऑईल बाहेर फेकायला लागतं. तिथून बेअरिंग जायला मिनिटही लागत नाही. यावरचा उपाय महाग नाही: ब्लॉकवर छोटा अडॅप्टर, त्याला ४५ ते ६० सेंटिमीटरची टेफ्लॉन अस्तराची, स्टीलच्या जाळीची ४ नंबरची एएन होज (एएन हे अशा होज-फिटिंगच्या मापाचं नाव), आणि तिच्या दुसऱ्या टोकाला टी. या टीवर मूळ स्विच आणि नवा सेन्डर दोन्ही बसतील आणि ती टी बॉडीवर रबरी क्लॅम्पने घट्ट धरलेली असेल. होजमध्ये इंजिन हलेल एवढा सैल वळसा ठेवा. ब्लॉकच्या बाजूच्या फिटिंगमध्ये साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर मिळाला तर जरूर लावा. नळीतून ऑईल वाहत नसल्याने दाबाचा आकडा बदलत नाही, पण होज कधी फाटलीच तर मोठ्या धारेऐवजी बारीक धारेने गळेल आणि इंजिन बंद करायला वेळ मिळेल.

एक गोष्ट जवळून बघून घ्या. मियाटाचा स्टार्टर याच बाजूला, याच मॅनिफोल्डखाली आहे आणि त्याच्या जाड केबलमध्ये किल्ली बंद असतानाही बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज असतं. स्टीलची जाळी त्या टर्मिनलला घासली तर ठिणगी, आणि आत ऑईल. म्हणून होजवर रबरी किंवा नायलॉनची स्लीव्ह चढवाच, आणि काम सुरू करण्याआधी डिकीत उजव्या बाजूला असलेल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

आता टेप. एका तारेचे सेन्डर आपल्या अंगातूनच, आट्यांमधून इंजिनाला अर्थ होतात. टेप भरपूर गुंडाळली की अर्थ कच्चा होतो आणि काटा उड्या मारायला लागतो. शिवाय टेपचा तुकडा सुटून ऑईलच्या वाटेत जाऊ शकतो. मी टेप वापरत नाही. टेफ्लॉन असलेलं द्रव सीलंट वापरतो, तेही पहिला आटा कोरडा ठेवून. आट्यांचे शेंडे धातूला टेकतातच, त्यामुळे अर्थ मिळतो. हाताने बसेल तेवढा फिरवून पुढे पान्याने दीड ते दोन फेरे, बस. निमुळते आटे तळाला टेकवायचे नसतात. पण सेन्डर होजच्या टोकाला गेला की इंजिनाशी त्याचा धातूचा संबंध भरवशाचा राहत नाही, म्हणून सेन्डरच्या अंगावर क्लॅम्प लावून तिथून वेगळी अर्थची तार बॉडीला द्या. दोन टर्मिनलचा, अर्थ वेगळा असलेला सेन्डर मिळाला तर उत्तम. मात्र व्हीडीओ या गेज बनवणाऱ्या कंपनीच्या काही सेन्डरवर दोन टर्मिनल असतात आणि त्यातलं दुसरं अर्थचं नसतं: जी गेजसाठी आणि डब्ल्यूके धोक्याच्या दिव्यासाठी. डब्ल्यूकेला अर्थ समजून जोडू नका.

तापमानाच्या सेन्डरसाठी दोन जागा उरतात: ऑईल चेंबरचा ड्रेन प्लग, किंवा फिल्टरखाली सँडविच प्लेट (ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये बसणारी चकती). ड्रेन प्लग स्वस्त पडतो, मियाटात त्याचे आटे एम १४ गुणिले १.५ आहेत आणि मध्ये १/८ एनपीटीचं भोक असलेले प्लग मिळतात. पण गाडी खाली आहे, सेन्डर चेंबरच्या तळाशी येतो, तार रस्त्याकडे लोंबते आणि दर ऑईल बदलताना काढावी लागते. रस्त्यावरच्या गाडीत मी ही जागा टाळतो. सँडविच प्लेट घ्या, मधला बोल्ट एम २० गुणिले १.५ आट्यांचा. तिच्यातून इंजिनाचं सगळं ऑईल वाहतं, त्यामुळे आकडा लगेच आणि खरा मिळतो.

प्लेट बसवताना चार ठिकाणी चुका होतात. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा. रबरावर रबर बसलं की सुरुवातीला सगळं कोरडं दिसतं आणि दाब चढला की भसकन ऑईल बाहेर येतं. प्लेटच्या ओ-रिंगला ऑईल लावा, ती खोबणीत पूर्ण बसली आहे याची खात्री करा, आणि मधला बोल्ट प्लेटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कलाच आवळा. सेन्डरचं तोंड कुठल्या दिशेला येतं ते बोल्ट आवळण्याआधी ठरवा, नाहीतर तार लावायला हात जाणार नाही. प्लेटमुळे फिल्टर अडीच-तीन सेंटिमीटर पुढे येतो, तेव्हा थोड्या आखूड फिल्टरची सोय आधीच करून ठेवा. तुमच्या इंजिनावर फिल्टरच्या मागे कूलंटचा ऑईल कूलर असेल तर तो लांब पोकळ बोल्टने धरलेला असतो. तसं असेल तर प्लेट कूलर आणि फिल्टरच्या मध्ये घाला आणि बोल्टचे आटे तिथे पुरतात का ते मोजा. याचं उत्तर गाडी बघितल्याशिवाय देता येणार नाही.

सेन्डर प्लेटमध्ये थेट बसवा. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवला तर टोक प्रवाहातून मागे सरकतं, धातूच्या खोबणीत जातं, आणि पुन्हा तोच कमी दाखवणारा आकडा हाती येतो.

तारा ओढण्याआधी सेन्डर आणि गेजची जोडी जुळते का ते बघा. एकाच पाकिटातून आली असेल तर प्रश्न नाही, पण गेज एकाचं आणि सेन्डर दुसऱ्याचा असेल तर इथेच फसगत होते. व्हीडीओ पद्धतीचा दाबाचा सेन्डर शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहमच्या आसपास असतो. बऱ्याच अमेरिकन गेजना याच्या उलट, २४० कडून ३३ ओहमकडे जाणारा सेन्डर लागतो. नवी गेजेस तीन तारांचे, ०.५ ते ४.५ व्होल्टचे सेन्डर घेतात. यांची अदलाबदल चालत नाही. पाच बार आणि दहा बारचे सेन्डरही दिसायला सारखेच असतात. मल्टिमीटर लावून बघायला दोन मिनिटं लागतात.

तापमानाची तपासणी गॅसच्या शेगडीवर करा. गेजला बारा व्होल्ट आणि अर्थ द्या, सेन्डरच्या अंगाला तारेने अर्थ द्या, फक्त टोक उकळत्या पाण्यात धरा, टर्मिनल कोरडं ठेवा. न्यू जर्सी समुद्रसपाटीलगत आहे, काटा १०० अंशांवर यायला हवा. कुणी पुण्यात हे करत असेल तर तिथे पाणी ९८च्या आसपास उकळतं, तेवढं लक्षात ठेवा. गेज फॅरनहाइटमध्ये असेल तर २१२ बघा. दोन-चार अंशांचा फरक सोडून द्या. दहा अंशांचा असेल तर तो कागदावर लिहून ठेवा किंवा सेन्डर परत करा.

वायरिंग अवघड नाही, पण नीट करा. प्रत्येक गेजला चार जोड: किल्लीनंतर चालू होणारे बारा व्होल्ट, अर्थ, सेन्डर आणि दिवा. फ्यूज बॉक्समधून तीन अँपियरचा वेगळा फ्यूज घालून दोन्ही गेजना मिळून एकच लाइन घ्या. तार ०.७५ चौरस मिलिमीटर पुरते. दोन्ही गेजचा अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडलेल्या धातूवर. मूळ तारेला चावणारे निळे-लाल जोड वापरू नका, एका हिवाळ्यात त्यांच्यात गंज शिरतो. क्रिम्प करून वरून हीट श्रिंक चढवा. फायरवॉलमधून जाताना मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधूनच तार न्या, उघड्या पत्र्याच्या कडेवरून कधीही नाही. मियाटाचा इग्निशन कॉइल इंजिनाच्या मागच्या टोकाला आहे, सेन्डरच्या तारा त्याच्यापासून आणि प्लगच्या तारांपासून दूर ठेवा. दिव्याची तार जोडण्याआधी मीटर लावून बघा, कारण काही जपानी गाड्यांत डिमर अर्थच्या बाजूला असतो आणि तिथे नेहमीसारखं जोडलं तर प्रकाश कमी-जास्त होत नाही.

गेज कुठे लावायची हा बराचसा आवडीचा भाग. डॅशमधल्या मधल्या दोन गोल हवेच्या झडपांच्या जागी ५२ मिलिमीटरची गेज बसवणारे पॉड मिळतात आणि ते दिसतातही छान. तुमच्या १९९६च्या गाडीत दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत, म्हणून प्रवाशासमोरच्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काहीही चिकटवू नका, आणि डॅश उघडण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी स्टँडवर असू द्या आणि कुणाला तरी खाली टॉर्च घेऊन बघायला सांगा. होज रिकामी असल्यामुळे काटा उठायला दोन-तीन सेकंद जास्त लागतील. पाच सेकंदांत दाब दिसला नाही तर लगेच बंद करा. दिसला तर अर्धा मिनिट चालवून बंद करा, प्रत्येक जोड कोऱ्या टिश्यूने पुसून बघा, मग इंजिन पूर्ण गरम करून पुन्हा बघा. थंड ऑईल घट्ट असतं. काही जोड ते गरम होऊन पातळ झाल्यावरच गळायला लागतात.

आता आकडे वाचायचे कसे. दाबाचा आकडा एकटा काही सांगत नाही, तो तापमानाबरोबरच वाचायचा असतो. सकाळी थंड इंजिनावर आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ६० पीएसआय दिसेल आणि ट्रॅकवरून आल्यावर त्याच आयडलला १५-२०. इंजिन तेच आहे, ऑईल पातळ झालंय. जुना ढोबळ हिशेब असा की गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे १० पीएसआय मिळाले की पुरेसं आहे. पहिल्या आठवड्यात ऑईल १०० अंशांवर असताना आयडल, ३००० आणि ५००० आरपीएमला दाब किती येतो ते लिहून ठेवा. पुढे कधी याच तापमानाला आणि याच आरपीएमला आकडा दहा पीएसआयने खाली आला, तर ऑईल पातळी, ऑईलचा ग्रेड आणि मग बेअरिंग या क्रमाने शोधा.

तापमानाबाबत: कूलंट पाच मिनिटांत गरम होतं, ऑईलला दहा-पंधरा लागतात. ८० अंश होईपर्यंत जोरात रेव्ह करू नका. ९० ते ११० नेहमीचं, ट्रॅकवर १२०ही ठीक. १३०कडे जायला लागलं तर पुढची लॅप सावकाश घ्या. लगेच ऑईल कूलर विकत घेऊ नका. तीन-चार सेशनचे आकडे बघा, आणि घेतलाच तर थर्मोस्टॅट असलेला घ्या, नाहीतर तुमच्याकडच्या जानेवारीत ऑईल कधी गरमच होणार नाही.

ट्रॅकसाठी एक भर सुचवतो. लांब वळणात ऑईल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडात हवा शिरते आणि दाब क्षणभर कोसळतो. त्या क्षणी तुमची नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर असते, काट्यावर नसते. होजच्या टोकाच्या टीऐवजी चार तोंडांचा ब्लॉक घेतला तर तिथे २० पीएसआयला चालणारा स्विच लावता येईल आणि डोळ्यांसमोर एक लाल दिवा. गरम इंजिनाच्या आयडलला तो कधी लुकलुकेल, त्याला घाबरू नका. वळणात लागला तर मात्र पाय उचला आणि पिटमध्ये येऊन आधी डिपस्टिक बघा.

एका दिवसात होईल का? गाडी स्टँडवर, सगळे अडॅप्टर आधीच हातात आणि ऑईल बदलण्याच्या दिवशीच काम काढलं तर सात-आठ तासांत होतं. एखादा अडॅप्टर चुकीचा निघाला तर होत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळे आटे हाताने एकमेकांत फिरवून बघा. आणि पुढच्या वेळी ऑईल बदलताना फिल्टर काढाल तेव्हा सँडविच प्लेटचा मधला बोल्ट त्याच्याबरोबर ढिला झालाय का ते बघा. फिल्टर जास्त आवळलेला असेल तर हमखास होतो, आणि वरून नवा फिल्टर बसला की तो दिसतही नाही.